रुग्णाची अपेक्षा आणि डॉक्टरांवरील ताण

वैद्याला नारायण मानण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. त्याच वैद्याला यमाचा भाऊ म्हणून हिणवण्याची रीतही तितकीच जुनी आहे. एकाच व्यक्तीकडे कधी देव म्हणून तर कधी यम म्हणून पाहणारा समाज तिच्याकडे माणूस म्हणून मात्र क्वचितच पाहतो. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील आजच्या दुराव्याचे एक मूळ येथे आहे, असे मला वाटते.

या विषयावर शहरात जी चर्चा होते ती प्रामुख्याने भरमसाट बिले, नको त्या तपासण्या आणि रुग्णालयांची मोडतोड यांविषयी असते. आमच्या मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावात हे प्रश्न फारसे येत नाहीत. येथे बिलाचा वाद नाही, कारण उपचार सरकारी आहेत आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ते पूर्णपणे निःशुल्क आहेत. तरीही आमची माणसे दवाखान्याची पायरी चढताना कचरतात. असे का व्हावे, याचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम एक घरचा प्रसंग सांगते. मी नववीत असताना माझ्या काकूला खोकला जडला होता. घरात वाचता येणारी मीच, म्हणून तिच्याबरोबर एका सरकारी दवाखान्यात मला पाठवले. बाहेर ओटीवर, पायऱ्यांवर माणसे बसली होती. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "खोकला कधीपासून?" काकू म्हणाली, "आवणीपासून." डॉक्टरांना ते उमगले नाही. "दिवस सांगा, किती दिवस?" ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. काकू गप्प झाली. आवणी म्हणजे भाताची लावणी हे मी सांगायला हवे होते, पण माझीही जीभ रेटली नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर भराभर काही लिहिले, गोळ्या मिळाल्या आणि आम्ही बाहेर पडलो. काकूने विचारले, "काय लिवलंय?" अक्षर मला लागले नाही. तरी शिकलेली म्हणून माझी लाज राहावी यासाठी मी म्हटले, "गोळ्या घ्यायला सांगितल्यात."

दिवाळीनंतर काका-काकू वीटभट्टीवर गेले. होळीला काकू परतली ती अंथरुणाला खिळूनच, आणि पाऊस पडण्याआधी ती गेली. पुढे महाविद्यालयात आल्यावर मी तो केसपेपर पत्र्याच्या पेटीतून काढून वाचला. त्यावर लिहिले होते की थुंकीची तपासणी करावी आणि अहवाल घेऊन पुन्हा यावे. म्हणजे डॉक्टरांना क्षयाची शंका आली होती. क्षयाचे निदान आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतो. डॉक्टरांनी योग्य तेच लिहिले होते. फक्त ते आमच्यापर्यंत पोहोचले नाही.

रुग्णाला नेमके काय हवे असते?

आमच्याकडील रुग्णाला सुई हवी असते, सलाईन हवे असते, असे डॉक्टर मंडळी तक्रारीच्या सुरात सांगतात. ते खोटे नाही. गोळी देऊन पाठवले तर "डॉक्टरने काही केले नाही" असेच घरी सांगितले जाते. परंतु यामागे केवळ अज्ञान आहे असे म्हणणे घाईचे होईल. एका दिवसाची मजुरी बुडवून, डोंगर उतरून आलेल्या माणसाला उद्या पुन्हा येणे परवडत नाही. एकाच फेरीत काम व्हावे ही त्याची अपेक्षा असते, आणि सुई हे काम झाल्याचे त्याला दिसणारे एकमेव चिन्ह असते.

भगताकडे लोक का जातात, याचाही विचार याच दृष्टीने केला पाहिजे. भगत घरी येतो, तांदळाचे दाणे पाहतो, घरात कोणाचे भांडण झाले का, कोणी कुठे गेले होते का, हे सारे विचारतो. शेवटी दुखण्याचे काही एक कारण तो रुग्णाच्याच भाषेत सांगतो. ते कारण बहुधा चुकीचे असते आणि सर्पदंशासारख्या प्रसंगी त्यात गेलेला वेळ जीवावर बेततो, हे निर्विवाद आहे. तथापि "मला काय झाले आहे?" या प्रश्नाचे उत्तर तो देतो. दवाखान्यात औषध खरे मिळते, पण हे उत्तर पुष्कळदा मिळत नाही.

डॉक्टरांच्या खुर्चीतून पाहिले तर

आता दुसरी बाजू पाहू. शासनाच्या निकषाप्रमाणे डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार होती. त्या हिशेबाने तालुक्याला चार केंद्रे पुरतात, असे कागदावर म्हणता येईल. परंतु लोकसंख्येचा निकष पाडे मोजतो, त्यांच्यामधल्या दऱ्या मोजत नाही.

आरोग्य केंद्रातील डॉक्टरचे काम सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाबरोबर संपत नाही. रात्रीची बाळंतपणे, सर्पदंश व विंचूदंश, लसीकरण, आश्रमशाळांतील मुलांची तपासणी, साथ आली की पाड्यांवर फेरी, पोलीस प्रकरणातील तपासणी, बैठका आणि न संपणारे अहवाल हे सारे त्याच्याच वाट्याला येते. दोघांपैकी एक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की उरलेल्याला दिवस आणि रात्र वेगळी राहत नाही. पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकातील मानसेवी डॉक्टरांना तर नोकरीच्या कायमपणाचीही शाश्वती नसते. शहरात वाढलेला, नुकताच पदवी घेऊन बंधपत्राच्या वर्षासाठी आलेला तरुण डॉक्टर येथील बोली समजण्याआधीच बदलून जातो.

वेळेचा हिशेब तर साधा आहे. सकाळच्या चार तासांत १२० रुग्ण आले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांतील पाहणींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर एका रुग्णाला देत असलेला सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळला. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपासच होता. दोन मिनिटांत नाडी पाहायची, औषध लिहायचे आणि 'आवणी' म्हणजे काय हेही विचारायचे, हे कोणत्याही माणसाला कठीणच आहे. काकूवर चढ्या आवाजात बोललेल्या त्या डॉक्टरांचा मला अनेक दिवस राग होता. आज तो पूर्वीसारखा राहिलेला नाही.

दोष कोणाच्या पदरी?

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके १९९२ साली दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या भागाकडे वेधले गेले. त्यानंतर योजना आल्या, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातील बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीत अकाली जन्मलेली जुळी बालके दगावली, आणि रक्तस्राव होत असलेल्या मातेला नातेवाइकांनी डोलीत घालून निसरड्या वाटेने रस्त्यापर्यंत आणले. अशा वेळी रस्ता नसल्याचा जाब रस्त्याला विचारता येत नाही. दवाखान्यात जो समोर उभा असतो, त्या डॉक्टरला किंवा सिस्टरलाच तो विचारला जातो.

शहरातही याहून वेगळे घडत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारहाण केली व त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी तेथे मेंदूचे शल्यविशारद उपलब्ध नव्हते, आणि ते सांगण्याचे काम त्या तरुण डॉक्टरच्या वाट्याला आले होते. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० सालीच कायदा केला होता व त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे केवळ कायद्याच्या धाकाने हा प्रश्न सुटलेला नाही.

रुग्णाच्या बाजूनेही कायदा आहे. त्याचा पाया महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सापडतो. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे पाय मोडलेल्या एका तरुणाला पुण्यात उपचारासाठी आणले असता त्याचा मृत्यू झाला. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार देताना वाजवी काळजी घेणे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, न्यायालयाने डॉक्टरकडून रुग्ण बरा करण्याची हमी मागितली नाही, तर काळजी मागितली. पुढे १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते ती रुग्णालये त्यातून वगळली गेली. अर्थात शहरातील पैसे मोजणारा रुग्ण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, पोशेऱ्याचा रुग्ण नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, एक संतापाची आणि दुसरी गप्प बसण्याची. आमच्याकडे लोक बहुधा दुसरी वाट धरतात. ते भांडत नाहीत, पुन्हा येत नाहीत एवढेच.

मार्ग दाखवणारे काही जण

ही परिस्थिती बदलणारच नाही असे मानण्याचे कारण नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाला काय बदल होतो हे टिपले, आणि त्यातूनच पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून मृत्यूचे प्रमाण अतिशय खाली आणले. त्यांचे हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती, रुग्णाजवळ थांबण्याची तयारी होती.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. दवाखाना कसा असावा हे त्यांनी गोंड बांधवांनाच विचारले, तो झोपड्यांच्या रूपात उभारला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. गावातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण देऊन त्यांनी बालमृत्यू घटवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात समाविष्ट झाली. रुग्णाच्या घरापर्यंतचे अंतर डॉक्टर एकटा कापू शकत नाही, त्याला गावातलाच माणूस लागतो, हे यावरून दिसते.

आपण काय करू शकतो?

डॉक्टरांची संख्या वाढवणे, रस्ते करणे ही कामे शासनाची आहेत आणि ती मागत राहणे हा आपला हक्क आहे. पण काही गोष्टी पैशावाचून होण्यासारख्या आहेत. पुढील तपासणीची सूचना केसपेपरवर एका ओळीत मराठीतही लिहावी. रुग्ण पुढे पाठवताना तो का पाठवला आहे हे नातेवाइकांना सांगावे व त्यांच्याकडून ते पुन्हा वदवून घ्यावे. नव्याने येणाऱ्या डॉक्टरला आरोग्यसेविकेने पहिल्याच आठवड्यात येथील ऋतू, सण आणि स्थलांतराचे महिने समजावून द्यावेत, म्हणजे 'आवणीपासून' हे उत्तर त्याला तीन महिन्यांचा खोकला म्हणून ऐकू येईल. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद साधण्याचे शिक्षण समाविष्ट झाले आहे, ही समाधानाची बाब होय.

रुग्णानेही आपली अपेक्षा तपासली पाहिजे. प्रत्येक दुखण्याला सुई लागत नाही. सर्व उपाय करूनही माणूस दगावू शकतो, आणि तो दगावला म्हणून डॉक्टरने हयगय केली असे होत नाही. मात्र "मला काय झाले, आता काय करायचे आणि पुन्हा कधी यायचे" हे तीन प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे व ते त्याने न घाबरता विचारले पाहिजेत.

शेवटी आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच शिकलेले आहेत. गावात कोणी आजारी पडले की केसपेपर आपल्याच हातात दिला जातो. तो वाचता आला नाही तर तसे सांगण्यात कमीपणा मानू नका. परत आत जा आणि डॉक्टरांना विचारा. ते कदाचित रागावतील, कारण बाहेर अजून शंभर माणसे बसलेली असतील. तरीही विचारा. मी त्या दिवशी विचारले नाही.