श्यामची आई कशी गेली?

धान घरी आले, दिवाळी झाली, की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटके लागतात. आपण रात्रभर मंडपात बसतो. नाटकात कोणी मेले की आयाबाया पदराने डोळे पुसतात. रडून मन हलके होते. पण दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. हे मरण कशाने आले? आणि मेलेल्या माणसामागे काय उरले?

आता तुम्हांला वाचता येते. एक पुस्तक घेऊन हे दोन प्रश्न विचारून पाहू.

पुस्तकाचे नाव 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ साली ते छापून निघाले. श्याम म्हणजे लहानपणचे साने गुरुजीच. त्यांचे गाव कोकणातले पालगड. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. शेवटी शेवटी आई मरते.

आई कशाने गेली? कोणी म्हणेल, दुखण्याने. खरे आहे. पण मागची पाने उलटून पाहा. वडिलांवर सावकाराचे कर्ज होते. व्याज चढत गेले. घरदार जप्तीत निघाले. गावात दवंडी पिटली. सावकाराचा माणूस दारात येऊन नाही नाही ते बोलून गेला. आई अब्रूला जपणारी बाई. ती आतून खचली. म्हणजे दुखणे मागून आले, कर्ज आधी आले.

आपल्याकडेही न वाचता अंगठा लावला आणि बांधी गेली, असे किती घरी झाले! म्हणून कागद आधी वाचावा, मग सही करावी.

आई गेली तेव्हा श्याम शिकायला दूर होता. तो घरी पोचला, पण आई भेटली नाही. आपल्या गावची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथे असा निरोप आला तर जिवाचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको.

मग मागे काय उरले? एक आठवण पाहा. एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडली होती. लोक तिला अस्पृश्य मानत. कोणी हात लावीना. आई श्यामला म्हणाली, जा, मोळी उचलून दे. लोक काय म्हणतील, याची भीती तिने धरली नाही.

गुरुजींची आई १९१७ साली वारली. पुढे तीस वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, गुरुजी पंढरपुरात उपाशी बसले. विठ्ठलाचे देऊळ हरिजनांना उघडावे, एवढेच त्यांचे मागणे होते. दहा दिवस उपास चालला. मग देऊळ उघडायचे ठरले.

आई गेली. पण तिने दिलेली शिकवण मुलाने सोडली नाही. पुस्तकातले मरण वाचून रडू आले तर रडावे. मग पान मागे उलटावे, आणि पुढेही उलटावे.

अभ्यास
१. आईच्या दुखण्याआधी घरात काय काय घडले?
२. आईने श्यामला मोळी उचलायला का सांगितले?
३. तुमच्या घरचे कोणी गेले असेल. त्यांनी तुम्हांला काय शिकवले? चार ओळी लिहा.