दमा : धाप थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे



तोडणीचा प्रोग्रॅम, खोडव्याचे नियोजन, खतांच्या मात्रा हे आपले नेहमीचे विषय. या अंकात जरा वेगळा विषय घेत आहोत. गाळप हंगामात थंडी, धूर आणि धूळ ही तिन्ही एकदम येतात. शिवारात फिरताना बांधावर बसून खोकणारी, चार पावलांवर दम लागणारी माणसे आम्हाला याच दिवसांत जास्त दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नाही, थंडीचा त्रास आहे, उन्हाळ्यात जातो."

हा त्रास जात नाही, तो दबून राहतो, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे. कोणते औषध व किती घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आम्ही शेतीची माणसे. पण रोगाचे रोजचे व्यवस्थापन रोग्यालाच करावे लागते, आणि त्यासाठी तो समजून घ्यावा लागतो.

दमा म्हणजे नेमके काय?

छातीत हवा नेणाऱ्या नळ्या असतात. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्यांना आतून कायमची सूज असते. धूर, धूळ, गारवा, सर्दी यांपैकी काही लागले की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ धरतो आणि वाट अरुंद होते. श्वास सोडताना सूं सूं आवाज येतो तो यामुळेच.

हुमणीचे उदाहरण घ्या. ऊस पिवळा पडून वाळू लागला, उपटला तर सहज हातात आला, की आपण म्हणतो हुमणी लागली. प्रत्यक्षात अळी कितीतरी आधीपासून जमिनीत मुळे खात असते. म्हणून तर वळवाचा पाऊस पडला की कडुलिंब-बाभळीवरचे भुंगेरे रात्री गोळा करून मारा, असे आम्ही सांगतो. दम्याचेही तसेच आहे. धाप ही वरून दिसणारी खूण, सूज हा आतला रोग. नुसती धाप थांबवून सूज जात नाही.

कसा ओळखावा?

१. खोकला किंवा धाप रात्री, विशेषतः पहाटे वाढते.
२. त्रास कमी-जास्त होतो. आठ दिवस बरे, मग एकदम छाती भरून येते.
३. धूर, धूळ, थंड हवा, पळणे, सर्दी-पडसे यांनंतर त्रास सुरू होतो.
४. घरात कोणाला दमा, वारंवार शिंका किंवा अंगाला खाज यांचा त्रास असतो.

चाळिशीनंतर विडी ओढणाऱ्यांना, किंवा चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांना लागणारी कायमची धाप हा बहुधा निराळा रोग असतो. कुजट, बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीनेही फुप्फुसाचा वेगळा आजार होतो. म्हणून अंदाजाने औषध घेऊ नये. फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी करून घ्यावी. म्हणजे रोग कोणता ते कळते.

दोन पंप, दोन कामे

दम्याच्या फवाऱ्याला आपल्याकडे पंप म्हणतात. आपण फवारणीच्या पंपाची माणसे, तेव्हा तोच शब्द वापरू.

पहिला तात्काळ आरामाचा. यात बहुधा साल्बुटामॉल असते. आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो. पण त्याचा असर थोडे तास टिकतो आणि सुजेवर तो काही करत नाही.

दुसरा रोजचा. यात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन असे सूज उतरवणारे औषध असते. तो घेतल्याबरोबर फरक जाणवत नाही, आठवडे-महिने नियमाने घ्यावा लागतो. दमा ताब्यात ठेवतो तो हा पंप. फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंप काही रोग्यांना डॉक्टर दोन्ही कामांसाठी देतात.

आपल्याकडे उलटे होते. पहिला पंप खिशात असतो, दुसरा पंधरा दिवसांत बंद पडतो. "बरं वाटलं, कशाला खर्च?" हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. बरे वाटले ते त्या औषधामुळेच, हे लक्षात येत नाही. प्रौढ व मोठ्या मुलांचा दमा नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये, असा जागतिक तज्ज्ञांचा सल्ला २०१९ पासून आहे. जगातील दम्याच्या रोग्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्या देशात होतात. रोजचे औषध न घेणे हे त्याचे एक मोठे कारण आहे.

आरामाचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल किंवा रात्री धापेने जाग येत असेल, तर दमा ताब्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे.

पंप घेण्याची पद्धत

नोझल बिघडले की औषध पिकावर न पडता बांधावर पडते. पंपाचेही तसेच होते.

दाबण्याचा पंप : हलवून घ्यावा. श्वास पूर्ण सोडावा. तोंड ओठांनी घट्ट धरून सावकाश श्वास घेऊ लागताच एकदाच दाबावा. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरावा. दुसरा झोत घ्यायचा असल्यास अर्धा-एक मिनिट थांबावे. पंपाला जोडण्याची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, मिळते. लहान मुले व वयस्कर यांनी ती जरूर वापरावी.

पावडरचा पंप : यात श्वास जोरात व खोल ओढायचा. पंपात फुंकर मारायची नाही. यातली कॅप्सूल गिळायची नसते. ती पाण्याबरोबर घेणारेही आम्हाला भेटले आहेत!

रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंड येत नाही.

समज-गैरसमज

"पंपाची सवय लागते." सवय लागत नाही. औषध सरळ नळीत जात असल्याने मात्रा फार थोडी लागते. ठिबकमधून खत मुळाशी दिले तर कमी लागते, तसेच हे. गोळी मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपाचे औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात.

"मुलीला पंप लावला तर सोयरीक जमणार नाही." यापायी पोरी औषध लपवून घेतात किंवा घेतच नाहीत. पंप नियमाने घेणारी मुलगी शेतात, शाळेत, खेळात कुठे कमी पडत नाही. गरोदरपणातही पंप मनाने बंद करू नये. आईची धाप बाळाला जास्त घातक असते.

मृगाला हैदराबादचा मासा, कोजागिरीचे दुधातले औषध : श्रद्धेने जाणाऱ्यांना आम्ही अडवत नाही. पण त्याने दमा जातो असे शास्त्राने सिद्ध झालेले नाही. जाणाऱ्याने रोजचा पंप मात्र चालूच ठेवावा.

नाव नसलेल्या पुड्या : चार दिवसांत छाती मोकळी करणाऱ्या पुडीपासून सावध राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. ते महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो.

शिवारातली कारणे आपल्याच हातात

पाचट जाळू नका, हे आम्ही जमिनीसाठी सांगत आलो. आज छातीसाठी सांगतो. थंडीत संध्याकाळी व पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि वस्तीत शिरतो. एका काडीचा धूर शेजारच्या दमेकऱ्याला रात्रभर बसवून ठेवतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत ठेवून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, पाण्याची एखादी पाळी वाचते.

आपल्या फडावर आलेल्या तोडणी टोळीचाही विचार करावा. कोपीत चूल पेटते, तिथेच लेकरे झोपतात. टोळीला कोपीबाहेर आडोशाची चूल मांडायला जागा द्यावी.

दमेकऱ्याने फवारणी, धान्याची उफणणी, कडब्याची गंज हलवणे ही कामे दुसऱ्याकडे द्यावीत. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला जाणेच भाग असेल तर नाका-तोंडाला मफलर बांधावा, पंप खिशात ठेवावा, एकटे जाऊ नये. विडी-सिगारेट स्वतः बंद करावी व घरातल्यांनाही बंद करायला लावावी. अंगदुखीची गोळी काहींना धाप आणते, म्हणून दुकानातून घेताना दमा असल्याचे सांगावे.

धोक्याची खूण

बोलताना वाक्य पुरे होत नाही, बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळसर दिसतात, पंप घेऊनही उतार पडत नाही, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रोग्याला आडवा न करता बसवून ठेवा. स्पेसरमधून आरामाच्या पंपाचे चार झोत एकेक करून द्या. लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. वाटेत उतार नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा तसेच द्या. गाडीत घातल्याशिवाय पंप द्यायचा नाही, असे करू नका.

शेवटी एक विनंती. खताची नोंद ठेवता तशी एक वही दम्याची ठेवा. आरामाचा पंप कधी लागला, रात्री जाग कधी आली, त्या दिवशी काय काम केले होते, एवढेच लिहायचे. दर तीन महिन्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध कमी करायचे की वाढवायचे ते त्यावरून त्यांना ठरवता येईल. आणि धोक्याची खूण दिसल्यास काय करायचे ते त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेऊन, घरात सर्वांना दिसेल असा लावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेती विभाग