फोटोत बादली नसते

अगं, काल रात्री तू पाठवलेले अकराच्या अकरा फोटो मी दोनदा पाहिले. छान आहेत गं. काळे नळ, संगमरवरासारख्या पांढऱ्या भिंती, आरशामागून येणारा मंद पिवळा उजेड. पण तुझ्या एक लक्षात आलं का? एकाही फोटोत बादली नाही. मग नाही, बसायचं प्लास्टिकचं स्टूल नाही, कपड्यांचा ब्रश नाही, दारामागच्या हुकावर ओला टॉवेल नाही. त्या बाथरूममध्ये अजून कुणी अंघोळच केलेली नाही! तुला तर रोज सकाळी आठाच्या आत पाच अंघोळी उरकायच्या असतात.

म्हणून म्हटलं, नुसता अंगठा दाखवून मोकळं होण्यापेक्षा नीट बोलावं. चहा घेऊन बस.

आधी माझी फजिती ऐक, म्हणजे उपदेशाला जरा वजन येईल. आठ वर्षांपूर्वी आमचं बाथरूम केलं तेव्हा मी हट्टाने काळे मॅट नळ आणि काळी चकचकीत फरशी घेतली. तुझे भावोजी म्हणाले होते, ‘जरा विचार कर.’ मी विचार केला नाही. पंधरा दिवसांत नळाच्या मानेवर आणि खालच्या फरशीवर पांढरे ठिपके उमटले, अगदी रांगोळीसाठी काढावेत तसे. आमच्याकडे एरवी बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकरचं. दोन्ही जड. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार तिथेच बसतो. पांढऱ्यावर तो दिसतही नाही, काळ्यावर लपत नाही. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा हातात घेऊन मी रोज अंघोळीनंतर नळ पुसायचे. माझी अंघोळ दहा मिनिटांची, नळाची पाच.

तेव्हा पहिलं काम हे कर. चहाच्या पातेल्याच्या, गरम पाण्याच्या बादलीच्या तळाशी पांढरा थर धरतो का बघ. आणि दुकानातून गडद टाइलचा एक तुकडा आणून त्यावर तुमच्या नळाच्या पाण्याचे चार थेंब टाक, रात्रभर वाळू दे. सकाळी काय उरलंय ते बघ. पाणी गोडं असेल तर खुशाल काळा घे, मी आडवी येणार नाही. जड असेल तर मधले रंग बरे: राखाडी, वाळूचा, मातकट. आजोळची मोरी आठवते ना? शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंब, शेजारी घंगाळ. त्या करड्या फरशीवर साबण दिसायचा नाही, क्षार दिसायचा नाही. रंगसंगती वगैरे शब्द आजीला ठाऊक नव्हते, पण फरशी घासायची कुणाला आहे हे पक्कं ठाऊक होतं.

डाग पडले की कामवाल्या मावशी बाथरूमचं ॲसिड ओततात, ते आधीच बंद कर. त्याने क्रोमची चमक जाते आणि सिमेंटचं ग्राउट पोखरलं जातं. चकचकीत टाइलवरचा आणि काचेवरचा क्षार लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतो. पण संगमरवर, कडप्पा, शहाबाद यांना लिंबूसुद्धा लावायचं नाही. हे दगड मुळात चुन्याचेच, आंबट लागलं की पॉलिश खाल्लं जातं. बेसिनच्या ओट्याला म्हणूनच ग्रॅनाइट बरा.

आता फरशी. भिंतीला चकचकीत चालेल, उलट बरी: एका हाताने पुसली जाते आणि तुमच्या त्या डक्टकडच्या खिडकीतून येणारा जेमतेम उजेड थोडा पसरवते. खाली मात्र मॅटच. दुकानात ‘अँटी-स्किड आहे, मॅडम’ असं सगळेच म्हणतात. पेटीवर किंवा माहितीपत्रकात आर-१० किंवा आर-११ लिहिलंय का विचार. आकडा वाढेल तशी पकड वाढते. आणि लाजू नकोस, टाइल जमिनीवर ठेवायला सांग, वर पाणी ओत, चप्पल काढून उभी राहा. पकड तळपायाला लगेच कळते. फार खडबडीतही नको, खाचांत साबणाचा राप बसतो. आणि भिंतीची टाइल आवडली म्हणून तीच खाली लावू नकोस. भिंतीची सिरॅमिक टाइल बरंच पाणी पिते, जमिनीच्या व्हिट्रिफाइडमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्या आत असतं.

सासूबाईंचं मुद्दाम सांगते. तुझ्या सहाव्या फोटोत पांढरी भिंत, पांढरी जमीन, पांढरा कमोड. आपल्याला ते प्रसन्न वाटतं. पण वयामुळे नजर मंदावली की पांढऱ्यात पांढऱ्याची कड दिसत नाही, जमीन कुठे संपते आणि कमोड कुठे सुरू होतो ते कळत नाही. पहाटे चार वाजता, चष्मा न लावता त्या जाणार. जमीन भिंतीपेक्षा दोन छटा गडद ठेव, म्हणजे पांढरा कमोड उठून दिसेल. धरायचा दांडाही भिंतीच्या रंगात मिसळेल असा घेऊ नकोस. आणि हे रंग ठरवताना त्यांना एकदा विचार गं. त्यांना कळू न देता त्यांची सोय करण्यापेक्षा त्यांनाच निवडू दे.

कमोड आणि बेसिन पांढरंच. यावर चर्चा नको! आईकडचं गुलाबी बेसिन विसरलीस? कमोडही गुलाबी, आणि त्याची सीट तुटल्यावर तसा गुलाबी शेवटपर्यंत मिळाला नाही. बाबांनी पांढरी सीट बसवली आणि पुढची कित्येक वर्षं ते सगळं उसनं आणल्यासारखं दिसत राहिलं.

नळांना क्रोम सगळ्यात कमी कटकटीचं. सोनेरी किंवा गुलाबी सोनेरी हवंच असेल तर पीव्हीडी फिनिश आहे का विचार, ते नुसत्या रंगापेक्षा आणि लॅकरपेक्षा जास्त टिकतं. नळ, शॉवर, हेल्थ फॉसेट, टॉवेल रॉड सगळं एकाच कंपनीचं घे. क्रोमला क्रोम बऱ्यापैकी जुळतं, पण एका कंपनीचं सोनेरी दुसरीच्या शेजारी पितळेसारखं दिसतं. डायव्हर्टरचं तर नक्कीच बघ: भिंतीत पुरायचा भाग आणि बाहेरची चकती एकाच कंपनीची लागते. भिंत बंद झाल्यावर मन बदललं तर टाइल फोडावी लागेल.

ग्राउट ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि बाथरूम जुनं दिसतं ते तिच्यामुळे. जमिनीला पांढरं ग्राउट नको, वर्षभरात चहाच्या रंगाचं होतं. टाइलच्याच रंगाचं किंवा एक छटा गडद घे. परवडत असेल तर निदान जमिनीला आणि शॉवरच्या भिंतीला इपॉक्सी करून घे, ते पाणी पीत नाही. फक्त कारागिराने ते वाळायच्या आत टाइलवरून पुसलंच पाहिजे, नाहीतर त्याचा धुरकट थर कायमचा राहतो. त्या दिवशी रजा काढ आणि घरी थांब.

रंग ठरवण्याआधी बल्ब ठरव, हे मला फार उशिरा कळलं. दुकानात छतावर डझनभर दिवे असतात. तिथे सायीसारखी दिसलेली टाइल मी घरी आणली आणि आमच्या पांढऱ्याफटक ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली ती तापातून उठलेल्या माणसासारखी दिसायला लागली. सगळ्या कामगारांदेखत मी जवळजवळ रडले. टाइलचा दोष नव्हता, ट्यूब बदलून ४००० केल्विनचा दिवा लावल्यावर तीच टाइल माणसांत आली. ३००० चा पिवळसर उजेड क्रीम-तपकिरीला खुलवतो, पण राखाडीला मळकट करू शकतो.

टाइल घेताना हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त घे आणि सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना, ते स्वतः वाच. बऱ्याचशा टाइल्स मोरबीहून येतात. तेच डिझाइन पुढच्या लॉटमध्ये किंचित वेगळ्या रंगाचं निघतं, आणि चार टाइल्स वेगळ्या असल्या की नजर तिथेच जाते. उरलेली एक पेटी माळ्यावर टाक. कधी पाइप गळला तर तीच कामाला येईल.

आणि हे सगळं वॉटरप्रूफिंग नीट झालं तरच. जाळी बंद करून जमिनीवर ४८ तास पाणी साठवून ठेवायला सांग आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून ये. जाळीकडे फुटामागे निदान एक सूत उतार हवा. खालच्यांच्या छतावर ओल आली तर तुझ्या रंगांचं कौतुक कुणी करणार नाही.

मग आवडीचा रंग कुठे घालायचा? जिथून तो उद्या सहज काढता येईल तिथे. टॉवेल, पायपुसणं, आरशाची चौकट, फार तर पाणी न उडणारी एक भिंत. तुला मोरपंखी आवडतो ना, मोरपंखी बादली घे. दोनशे-तीनशे रुपयांत हौस फिटते आणि कंटाळा आला की बदलता येते.

आता एवढंच कर. आवडलेल्या टाइल्सचे दोन-तीन नमुने घरी आण. भिंतीची टाइल उभी कर, जमिनीची खाली ठेव, तुमच्याच जुन्या बाथरूममध्ये, तुमच्याच दिव्याखाली. आठ दिवस सगळ्यांच्या अंघोळी होऊ देत, साबण-पाणी उडू दे, आणि कुणीही काही पुसायचं नाही. आठव्या दिवशी जी तुला अजून बघवेल ती तुझी. मग मला बारावा फोटो पाठव, शेजारी बादली ठेवून.