खुब्याचे दुखणे

चालताना आपल्या शरीराचा भार खुब्याच्या सांध्यावर येतो. हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कंबरेच्या हाडातील खोलगट उखळीत बसलेला असतो. म्हणूनच पाय सर्व बाजूंना फिरतो. हाड दगडासारखे कठीण असले, तरी ते जिवंत असते. त्यालाही रक्त लागते, आणि ह्या माथ्याला ते अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते.

काही मुलांच्या शरीरात ह्याच वाटा बंद पडतात. सिकलसेल नावाचा एक रक्तरोग आहे. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. ह्या रोगात प्राणवायू कमी पडला, की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचे मूळ रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे दाखवून दिले.

हा रोग स्पर्शाने होत नाही. तो आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. गडचिरोली, नंदुरबार ह्या जिल्ह्यांत, तसेच नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या आदिवासी वस्त्यांत तो आढळतो. पण तो कोणा एका समाजापुरता नाही. त्याच जिल्ह्यातील बिलोलीच्या शाळेतही एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तो येऊ शकतो.

वाकड्या पेशी खुब्याकडील वाटेत अडकल्या, की माथ्याचा काही भाग रक्तावाचून मरतो. वाळवी लागलेली तुळई वरून धड दिसते, पण भार पडताच खचते. तसाच हा माथा पुढे खचतो. मग पाय आखूड भासतो व मुलगा लंगडू लागतो.

हे दुखणे फसवे असते. ते जांघेत जाणवते. कित्येकदा तर केवळ गुडघाच दुखतो. घरची माणसे गुडघ्याला तेल चोळतात. कवायतीला मागे राहिलेल्या मुलाला सोबती आळशी म्हणतात. इकडे खुब्याची झीज चालूच राहते. आरंभी साध्या क्ष-किरण चित्रातही दोष दिसत नाही, एम.आर.आय. तपासणीत तो लवकर कळतो. वेळीच कळल्यास कुबडीच्या आधाराने सांध्यावरील भार कमी करता येतो, योग्य व्यायाम देता येतो आणि काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. माथा फारच खचला, तर कृत्रिम सांधा बसवावा लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या हायड्रॉक्सियुरिया औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. मात्र मेलेले हाड त्याने पुन्हा जिवंत होत नाही. भरपूर पाणी पिणे व थंडीपासून जपणे, हेही आवश्यक असते.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रक्ताच्या एका साध्या चाचणीने ह्या रोगाचा शोध लागू शकतो. परंतु दुखणाऱ्या पायाची पहिली खूण डॉक्टरांना नव्हे, तर वर्गातील सोबत्यांना दिसते. तेव्हा लंगडणाऱ्या मित्राला हसू नये. त्याचे दप्तर उचलावे, आणि ही गोष्ट गुरुजींच्या कानावर घालावी.

प्रश्न
१. खुब्याच्या दुखण्याला फसवे का म्हटले आहे?
२. तुळईचा दृष्टान्त कोणती गोष्ट समजावून देण्यासाठी दिला आहे?