बाहुलीचे केस जांभळे का होईनात?

प्रश्न : बाहुलीच्या पिवळ्या कृत्रिम केसांना जांभळा रंग दिला, तो मातकट तपकिरी उतरला. रंगच निकृष्ट असावा काय?
– एक भगिनी, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : रंग निर्दोष आहे, चिंता नसावी, रंजकद्रव्य पारदर्शक असल्याने ते मूळ वर्णास झाकीत नाही, त्यात मिसळते, आणि पिवळा व जांभळा हे परस्परांचे तेज हरण करणारे पूरक वर्ण असल्यामुळे त्यांच्या संयोगातून तपकिरीच निष्पन्न व्हावयाचा. पिवळ्यावर निळा दिल्यास हिरवा, तांबडा दिल्यास नारिंगी सुरेख खुलेल. शुद्ध जांभळ्यासाठी मात्र पांढऱ्या केसांच्या टोपाची तजवीज करावी. तंतू नायलॉनचा असल्यास आम्लरंग व थोडे व्हिनेगर, पॉलिएस्टरचा असल्यास डिस्पर्स रंग लागतो. प्रथम एकच बट रंगवून पाहावी, कारण अतिउष्णतेने केस आकसतात. आणि स्वयंपाकाचे भांडे या कामी वापरण्यास सक्त मनाई समजावी.