ऑफिसचं इंटरनेट राखणारी माणसं

२१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, संगणक यंत्रणा बंद पडल्याचे इशारे आपोआप यायला लागले. या महामंडळाचं मुख्यालय अंधेरी पूर्वेला, महाकाली लेणी रस्त्यावर. दिवसभरात उलगडा झाला की हा रॅन्समवेअरचा हल्ला आहे, म्हणजे तुमच्याच फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागायची. मुख्यालयासह राज्यातल्या १६ प्रादेशिक कार्यालयांची कामं खोळंबली, सगळी यंत्रणा नेटवर्कपासून तोडावी लागली. वेगळ्या ठिकाणी क्लाउडवर ठेवलेला बॅकअप मात्र वाचला.

‘सायबर सिक्युरिटी घेऊ का?’ असं विचारणाऱ्या मुलांना मी आधी हीच घटना सांगतो. त्यांच्या डोक्यात सिनेमातला हॅकर असतो आणि आईवडिलांच्या डोक्यात पोलीस केस. प्रत्यक्षात हे राखणीचं काम आहे. बॅकअप त्याच नेटवर्कवर ठेवायचा नाही, हे कुणीतरी हल्ल्याच्या कितीतरी आधी ठरवलेलं असतं. पगार मिळतो तो या ठरवण्याचा.

सीप्झ, मरोळ, मालाडचं माइंडस्पेस, मुलुंडहून खाडीपलीकडची ऐरोली, कुठल्याही ऑफिसात जा, प्रश्न तेच. अकाउंट्सच्या मशीनवर कोणत्या साइट उघडू द्यायच्या? पेनड्राइव्ह चालू ठेवायचा का? घरून काम करणाऱ्याला व्हीपीएन कसं द्यायचं? नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद झालं का? साइट अडली की मार्केटिंगवाल्यांचा तावातावाने फोन येतो. त्यांचं काम अडू न देता दार किती उघडायचं, हे ठरवायला तांत्रिक ज्ञानाइतकाच समंजसपणा लागतो. म्हणून अबोल, नीटनेटकी, चिकाटीची मुलं इथे पुढे जातात, असं माझं मत आहे.

नवख्याला पहिली नोकरी बहुधा सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात लागते. स्क्रीनवर एक इशारा येतो: अकाउंट्समधल्या एका मशीनवर मेलमधून बिल म्हणून आलेली वर्डची फाइल उघडली आणि तिने पॉवरशेल, म्हणजे विंडोजला आज्ञा देण्याचं साधन, सुरू केलं. बिल वाचायला पॉवरशेल कशाला लागेल? तो मेल कुणाकडून आला, मशीन बाहेरच्या कोणत्या पत्त्याशी बोललं, हे लॉगमध्ये शोधायचं. संशय पक्का झाला तर मशीन नेटवर्कपासून वेगळं करायचं, त्या कर्मचाऱ्याला फोन करायचा, पासवर्ड बदलायला लावायचा आणि केलेलं सगळं वेळेसकट लिहून ठेवायचं. बहुतेक इशारे फुसके निघतात. तरीही पुढचा इशारा तितक्याच लक्षाने बघायचा.

पालकांची खरी अडचण रात्रपाळीची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला तो शनिवारी, ११ तारखेला सुरू झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि सोमवारपर्यंत एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोर सुट्टीच साधतात, त्यामुळे पहारेकऱ्याला सुट्टीच्या दिवशी जागं राहावं लागतं. मुलाखतीतच पाळी कशी फिरते आणि रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे स्पष्ट विचारावं. मुलगी असेल तर नक्कीच, पण मुलगा असला तरीही.

या कामाची गरज आता कायद्यानेही पक्की केली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार गंभीर सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. रिझर्व्ह बँकेचे सायबर सुरक्षेचे नियम नागरी सहकारी बँकांनाही लागू आहेत. म्हणजे तुमच्या नाक्यावरच्या बँकेलाही अशी माणसं हवीत.

आता शिक्षण. इंजिनिअरिंगच हवं असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीनंतरही हा रस्ता मोकळा आहे. मात्र आधी नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं करा. आयपी ॲड्रेस, डीएनएस आणि फायरवॉलचा नियम समजत नसताना ‘एथिकल हॅकिंग’चा भारी फीचा क्लास लावणं म्हणजे पाया न खणता गच्ची बांधणं. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, वायरशार्कही फुकट आहे. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सुमारे सहा महिन्यांचा डिटिस हा आयटी यंत्रणा आणि सुरक्षेचा डिप्लोमा आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. कुणी नवख्याला सीआयएसएसपी हे सुरक्षेतलं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र करायला सांगत असेल तर सावध राहा, कारण त्या पूर्ण प्रमाणपत्राला साधारण पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

मुलांना एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. कॉलेजचं वायफाय किंवा शेजाऱ्याचा राउटर परवानगीशिवाय ‘टेस्ट’ करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सराव स्वतःच्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनवर करावा.

आणि पालकहो, क्लासची फी भरण्याआधी मुलाला दोन महिने घरी पॅकेट ट्रेसरवर बसू द्या. त्यानंतरही तो रोज आपणहून बसत असेल, तर खुशाल भरा.