सेटर लिहिण्याआधी

अगं, तुझा कोड वाचला. अकाउंट क्लास छान जमलाय, बॅलन्स प्रायव्हेट ठेवलास तेही बरं केलंस. पण खाली आयडीईला सांगून सगळ्या व्हेरिएबल्सचे गेटर-सेटर एका झटक्यात काढून घेतलेस ना, तिथे मी अडले. बॅलन्स प्रायव्हेट आणि सेटबॅलन्स पब्लिक! मग प्रायव्हेट ठेवून मिळवलं काय? कुणीही उठावं, उणे ५००० भरून जावं. कंपायलर हूं की चूं करणार नाही.

खात्यातली शिल्लक कुणी थेट लिहितं का? कुणी पैसे भरतं, कुणी काढतं. मग मेथडही त्याच हव्यात, डिपॉझिट आणि विथड्रॉ. विथड्रॉमध्ये आधी रक्कम शून्याहून जास्त आहे ना ते बघ, मग शिल्लक पुरते का ते. नाही पुरली तर एक्सेप्शन टाक. उद्या किमान शिल्लक ५०० ची १००० झाली, तर तुला एकाच जागी हात घालावा लागेल. सेटर असता तर तो जिथे जिथे वापरलाय ती प्रत्येक जागा धुंडाळत बसली असतीस.

गेटरचं तेवढं भय नाही, पण एका ठिकाणी फार जप. व्यवहारांची अ‍ॅरेलिस्ट तू गेटरमधून जशीच्या तशी देतेस. तुला वाटतं, यादी नुसती दाखवली. खरं तर समोरच्याच्या हाती तिचा रेफरन्स जातो. त्याने त्यावर क्लिअर मारलं की तुझ्या खात्यातले सगळे व्यवहार साफ, सेटर नसतानाही! तिथे लिस्ट.कॉपीऑफ दे, जावा १० पासून आहे ते. आणि कन्स्ट्रक्टरमध्ये बाहेरून यादी आली तर नवी अ‍ॅरेलिस्ट करून तिच्यात उतरवून घे. हे दुसरं टोक भलेभले विसरतात.

एखाद्या फ्रेमवर्कला गेटर-सेटर लागत असतील तर खुशाल दे, त्यात काही वावगं नाही. नुसती माहिती वाहून नेणारा क्लास असेल तर रेकॉर्ड कर. २०२१ च्या जावा १६ पासून तो भाषेत कायमचा आलाय आणि त्याला सेटर नसतोच.

आज एवढं कर. सेटबॅलन्स उडव आणि कंपाइल कर. जिथे जिथे एरर येईल, तिथे थांबून बघ, त्या ओळीला नेमकं काय करायचं होतं. व्याज जमा करायचं होतं? दंड कापायचा होता? मग त्याच नावाची मेथड अकाउंटमध्ये लिही.